त्या गोळीबद्दल घरात बोलू या

गौरी-महालक्ष्म्या जवळ आल्या की चंद्रपूर असो, ब्रह्मपुरी असो की आरमोरी, मेडिकलवर एक ठरलेलं गिऱ्हाईक दिसतं. बाई सरळ काउंटरवर जाऊन म्हणते, "भाऊ, पाळी लांबवायची गोळी द्या." घरच्या सुनेची किंवा पोरीची तारीख नेमकी सणात येत असते. गोळी हार्मोनची असते, पुष्कळदा डॉक्टरला न विचारताच घेतलेली असते, पोरीला त्यानं मळमळतंही. पण लाज कुणाला वाटत नाही, कारण काम देवाचं असतं. त्याच दुकानात हार्मोनचीच आणखी एक गोळी ठेवलेली असते. तिचं नाव घ्यायची वेळ आली की मात्र आवाज खाली जातो, गिऱ्हाईक मागे वळून पाहतं आणि दुकानदार ती कागदात गुंडाळून पुढे सरकवतो. आईबाबांनो, आज त्या दुसऱ्या गोळीबद्दल बोलायचं आहे, आणि तुमच्याशीच बोलायचं आहे. पोरींपर्यंत ती टीव्हीवरून, मोबाइलवरून, मैत्रिणीकडून अर्धीमुर्धी केव्हाच पोचली आहे.

लोक तिला आय-पिल म्हणतात, ७२ तासांची गोळी म्हणतात. दुकानात दोन-चार कंपन्यांच्या मिळतात, पण आतलं औषध एकच: लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम. खोकं उघडलं की आत एकच गोळी. २००५ पासून आपल्या देशात ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. आशाताईंच्या पिशवीतही ती असते. घरपोच गर्भनिरोधकं द्यायची योजना २०११ साली सुरू झाली, तेव्हा या गोळीची किंमत २ रुपये ठेवली होती.

तिचं काम समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथेच गळून पडते. संबंध आल्यावर पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. स्त्रीबीज बाहेर पडलं की ते जेमतेम एक दिवस टिकतं. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडण्याचा मुहूर्त पुढे ढकलते, बस्स. बीज आधीच बाहेर पडलेलं असेल तर तिचा उपयोग नाही. गर्भ राहिलेलाच असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. म्हणजे ती गर्भपाताची गोळी नाही. "पोटातलं मारलं" असं पाप डोक्यावर घेऊन कुणाची पोर वर्षानुवर्षं कुढत असेल, तर तिला हे कुणीतरी नीट सांगायला हवं. एकदा-दोनदा घेतल्यानं पुढे मूल होत नाही हीसुद्धा नुसती आवई आहे.

पण घोटाळा होतो तो इथेच, दुकानाच्या फळीवर. गर्भपाताच्या गोळ्यांचंही खोकं असतं आणि काही खोक्यांची नावं कानाला सख्ख्या बहिणींसारखी लागतात: एकीच्या शेपटाला '७२', दुसरीच्या शेपटाला 'किट'. घाबरलेलं पोरगं मित्राच्या गाडीवरून मेडिकलवर येतं, अर्धं नाव सांगतं, पैसे टाकतं आणि जे हातात पडेल ते घेऊन निघतं. म्हणून खोकं नव्हे, पाकीट बघायला शिका आणि पोराबाळांना शिकवा. एकच गोळी आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल लिहिलेलं असेल तर ती आपली ७२ तासांची. पाच गोळ्या, त्यातली एक वेगळी आणि चार एकसारख्या, वर मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल अशी नावं, तर तो गर्भपाताचा संच. तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायचा. जंगलातल्या गावात, रात्री, कुणाला न सांगता पोरीनं तो घेतला आणि रक्त थांबेना, तर १०८ची गाडी येईपर्यंत काय होईल याचा विचार करून बघा. पाकिटावरची शेवटची तारीखही बघत जा. आडगावच्या दुकानात माल पडून राहतो.

आता वेळेबद्दल. ७२ तास म्हटलं की माणसाला वाटतं, तीन दिवस आहेत, बघू. तसं नाही. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेची एक मोठी चाचणी छापून आली होती. याच औषधाची. पहिल्या २४ तासांत घेतलं तर राहू शकले असते त्यातले ९५ टक्के गर्भ टळले, दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. दिवसागणिक जोर कमी होत जातो. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दिवस कसे जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. कोरची, एटापल्ली, जिवतीकडच्या खेड्यातल्या पोरीला मेडिकल दिसतं ते आठवडी बाजाराला. बाजार आठवड्यातून एकदा. संबंध मंगळवारी आला आणि बाजार रविवारी असला की गणित तिथेच चुकलं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. रोवण्याच्या दिवसांत तर घरातलं सगळं माणूस बांधीत, पोरीला एकटीनं गाव सोडायचं निमित्तही मिळत नाही. निमित्त नसलं की तिला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगायचं म्हटलं की तिचे तास जायला लागतात.

ब्रह्मपुरीकडच्या एका माउलीनं मला सांगितलं होतं, "ताई, तीन दिस पोरगी अंगात ताप हाये म्हनून पडली होती. मी तिले काढा पाजत होती." पोरगी तापानं नाही, भेवानं पडली होती. तिला गोळीचं नाव माहीत होतं. गावात आशाताई होती, पण ती नात्यातली, तिला कसं सांगायचं? मावसभावाकडे गाडी होती, पण त्याला सांगितलं की बापाच्या कानावर जाणार. तीन दिवस ती कुणाला सांगायचं एवढाच विचार करत होती आणि त्या यादीत आईचं नाव शेवटी होतं. माउलीला राग पोरीचा आला नव्हता, रडू आलं होतं ते या शेवटच्या नावाचं.

हे मुकेपण आपल्या मातीत किती खोल आहे, याचा पुरावा गडचिरोलीतूनच साऱ्या जगापुढे गेला आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, सरासरी काढली तर एकेकीला तीनहून जास्त आजार. आणि यापूर्वी आयुष्यात कधी आतून तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, संबंधांच्या वेळी त्रास होतोय, हे सगळं पदराखाली ठेवून त्या धान कापत होत्या. दवाखाना लांब होता हे खरं, पण नवऱ्याला, सासूला, आईला, कुणालाच तोंड उघडून सांगता येत नव्हतं, हेही तेवढंच खरं. आज रस्ते झाले, गावात टॉवर आले. आईपाशी बोलायचं अंतर मात्र फारसं कमी झालेलं मला दिसत नाही. राणीताईंनी पुढे याच जिल्ह्यातल्या बायकांचं बोलणं ऐकून 'कानोसा' हे पुस्तक लिहिलं आणि मुला-मुलींसाठी 'तारुण्यभान'ची शिबिरं सुरू केली. शिबिरात पोरं विचारतात ते प्रश्न ऐकले की कळतं, माहितीची भूक किती आहे आणि तिच्या तोंडात मोबाइल काय घालतो आहे.

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. बहुधा बाबा लोक विचारतात: "म्याडम, हे सारं सांगून ठेवलं तर पोरी मोकाट नाही सुटणार?" प्रश्न विचारणाऱ्याला मी वाईट समजत नाही, पोरीची काळजी असते म्हणूनच तो विचारतो. पण देशोदेशी यावर अभ्यास झाले आहेत. ही गोळी आधीच हातात देऊन ठेवली तरी तेवढ्यानं मुलींचे संबंध वाढत नाहीत, असंच त्यांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. आणि आपण न बोलल्यानं काय थांबलं आहे? दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात, वडसा-सिंदेवाहीकडे रातभर नाटकं चालतात, पोरंपोरी तिथे भेटतात. कॉलेजला पोरगी चंद्रपूरला खोली करून राहते. कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पाला टाकून उघड्यावर झोपतात. काही समाजांत तर लग्नाआधी एकमेकांना पसंत करणं मुळातच गैर मानलेलं नाही, शहरी माणूस गोटुलाबद्दल, म्हणजे तिथल्या तरुणांच्या एकत्र जमायच्या घराबद्दल, डोळा मारून बोलतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसतं. वय आपलं काम करणारच. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते की आता समाज बुडणार. शंभर वर्षं झाली की.

मग बोलायचं कसं? समोर बसवून, "आज तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे" असं म्हणालात तर पोरगी आधीच कवाड लावून घेईल. हातात काम असताना बोला. चुलीपाशी, मोहफुलं वेचताना, गाडीवर मागे बसवून नेताना. डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा जीभ सुटते. दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीवरून सुरू करा. आणि एक वाक्य तिच्या कानावर नक्की पडू द्या: "बाई, काही झालं, कसंही झालं, तर पहिले मले सांगजो. रागवायचं ते मी मागून रागवीन." शेवटचा भाग गाळू नका. आपण रागावणारच नाही, असं म्हटलं तर पोरीला ते खोटं वाटतं; राग नंतर येणार आहे, आधी मदत होणार आहे, हे तिला पटतं. आणि तसं खरंच वागायचं. त्या दिवशी "कोण होता तो?" हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. पहिला प्रश्न एकच: किती वेळ झाला?

मुलाच्या आईबाबांनो, तुम्ही हे पान उलटून पुढे जाऊ नका. मेडिकलवर गोळी घ्यायला बहुतेक वेळा पोरगाच येतो. पोरीच्या अंगावर टाकून मोकळं व्हायची ही गोष्ट नाही, हे त्याला घरातूनच कळायला हवं. ही गोळी लैंगिक आजारांपासून आणि एचआयव्हीपासून वाचवत नाही. ते काम निरोधचं आहे. निरोध फाटला, घसरला, वापरलाच नाही, तर गोळी. आधी निरोध, हे बापानं पोराला सांगावं. बापाला जमत नसेल तर मामानं सांगावं. पण "पोरीवाल्यांनी पोरी सांभाळाव्यात" हे वाक्य आता पुरे झालं.

जबरदस्ती झाली असेल तर मात्र गोष्ट गोळीवर संपत नाही. गोळी तर लवकरात लवकर द्यायचीच, पण पोरीला घेऊन दवाखान्यातही जायचं. कोणत्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयानं अशा वेळी फुकट आणि ताबडतोब उपचार देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आधी पोलीस तक्रार आणा, असं त्यांना म्हणता येत नाही. एचआयव्ही टाळायचं औषधही ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं आणि ते २८ दिवस चालतं. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, कागदात किंवा कापडी पिशवीत ठेवायचे. १०९८ हा मुलांसाठीचा, १८१ महिलांसाठीचा क्रमांक घरात कुठेतरी लिहून ठेवा. मुलगी १८च्या आतली असेल तर पोक्सोखाली तिची संमती कायदा मानत नाही आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या कायद्याच्या भीतीनं कुणी दवाखाना टाळतं. काही जण उलट प्रेमप्रकरणाचा सूड म्हणून तो वापरतात. दोन्हींत नुकसान पोरीचंच होतं.

गोळी घेण्याच्या चार गोष्टी सांगते, त्या नीट ध्यानात ठेवा. उपाशीपोटी घेतली तर मळमळ जास्त वाटू शकते, म्हणून काहीतरी खाऊन घेतलेली बरी, पण जेवणासाठी थांबू नका. घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी घ्यावी लागते. डोकं दुखणं, थकवा, स्तन दुखणं, मध्येच थोडं रक्त जाणं, हे होऊ शकतं आणि आपोआप थांबतं. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. सिकलसेल आपल्या भागात घरोघरी आहे, म्हणून विशेष सांगते: सिकलसेल असलेल्या मुलीलाही ही गोळी घेता येते, तिच्यासाठी नको असलेलं गर्भारपण गोळीपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं असतं. क्षयरोगाचं औषध चालू असेल तर मात्र वेगळं. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे या गोळीचा जोर कमी होतो. फिट्सच्या काही औषधांनीही तसंच होतं. अशा मुलीनं डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून विचारावं. तिच्यासाठी, आणि ७२ तास उलटून गेलेल्या बाईसाठीसुद्धा, दुसरा उपाय म्हणजे तांबी, म्हणजेच कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवली तर शंभरात नव्व्याण्णव जणींहून जास्तींना गर्भ राहत नाही. तांबी दवाखान्यातच बसवावी लागते आणि तिनं पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. अंगात रक्त कमी असेल तर आधी सांगायचं.

एक गैरसमज मला फार सलतो. गोळी घेतली म्हणजे पुढचे काही दिवस मोकळे, असं पोरंपोरी धरून चालतात. उलट आहे. गोळीनं स्त्रीबीज पुढे ढकललेलं असतं, म्हणजे ते नंतर बाहेर पडणारच असतं. त्याच महिन्यात पुन्हा निरोधशिवाय संबंध आला तर गर्भ राहण्याची शक्यता पुरेपूर. आणि दर महिन्याला हीच गोळी घेणाऱ्या बायकाही आहेत, त्यातल्या पुष्कळ जणी लग्न झालेल्या, नवऱ्याला निरोध नको म्हणून. या गोळीनं विष चढत नाही, पण पाळीचं वेळापत्रक विस्कटतं, आणि रोजच्या साधनांइतका भरवसा तिचा नाही. आरोग्य केंद्रात माला-एन आहे, आठवड्याची छाया आहे, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे. लेक सासरी जाताना भांड्यांची यादी करतो, तेव्हा आईनं हेही कानात सांगितलं तर काय बिघडेल?

गोळीनंतर पाळी चार-आठ दिवस मागेपुढे होऊ शकते. ठरल्या तारखेवर आठवडा उलटून गेला किंवा संबंधाला तीन आठवडे झाले तरी पाळी आली नाही, तर लघवीची तपासणी करा. 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं तर थांबायचंच नाही, थेट दवाखाना. गर्भ राहिलाच असेल तर काडी, काढा, गावठी जडीबुटी यांच्या नादी लागू नका. या जंगलात त्यानं गेलेल्या जिवांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. कायदेशीर गर्भपात सरकारी रुग्णालयात होतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुली, अत्याचार झालेल्या बाया अशांसाठी दोन डॉक्टरांच्या मतानं ती मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली आहे. लग्न न झालेल्या बाईलाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलं. त्याच निकालात हेही आहे की अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपातासाठी आलेल्या त्या मुलीचं नाव डॉक्टरनं पोलिसांना कळवताना उघड करायची गरज नाही. म्हणजे गावभर बोभाटा होईल ही भीती धरून घरी बसायचं कारण उरत नाही. आठवडे जितके कमी, तितकं काम सोपं, म्हणून तपासणीत दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात निघा. गडचिरोली किंवा चंद्रपूरला जाताना पोरीचं आधार कार्ड, सिकलसेलचं कार्ड असेल तर ते, आणि गाडीभाड्याचे पैसे बरोबर घ्या. एक गोष्ट तिथे तुमच्याशिवाय होणार नाही: मुलगी १८च्या आतली असेल तर संमतीच्या कागदावर तिची नाही, तुमची सही लागते.